लांजेवार काकाजींची पावर बँक

आमच्या वरच्या मजल्यावरच्या लांजेवार काकाजींचा फोन बटनांचा आहे. एकदा चार्ज केला की आठवडाभर मान टाकत नाही. असा फोन बाळगणारा हा माणूस यंदा आषाढभर नागपुरातली सगळ्यात दांडगी पावर बँक शोधत होता.

सल्ल्यासाठी ते माझ्याकडे आले याचं मला नवल वाटलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, तेही फिजिक्स घेऊन. गावाकडचे लोक विहिरीवरच्या मोटारीपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं मला विचारतात आणि मी सांगतो. शिकलो आहे तर सांगायचं नाही का? काकाजी मला नावाने हाक मारत नाहीत. "बीएस्सी, हायेस का गा घरी?" असं जिन्यातूनच विचारतात.

त्यांची नोकरी बसस्टँडवर, माईकपुढे गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, ते सांगायचं. ते रिटायर झाले, आवाज झाला नाही. सकाळी दूधवाला आला की जिन्यात घोषणा होते, "दुधाची गाडी खाली लागलेली आहे, गंज-पातेलीधारकांनी कृपया नोंद घ्यावी." लग्न केलं नाही. का म्हणून विचारलं तर "आमची गाडी रद्द झाली," एवढंच.

नागपंचमीच्या सुमाराला ते दरवर्षी पचमढीच्या डोंगरात नागद्वारच्या यात्रेला जातात. सातपुड्याचे चढउतार, धुकं, चिखल आणि दोन-तीन दिवसांची पायपीट. आपल्याकडची गावंच्या गावं तिकडे लोटतात. यंदा घोटाळा असा झाला की काकाजींची जुनी पावर बँक पुरीसारखी टम्म फुगली. मी ती त्यांच्या उशाखालून काढायला लावली.

"मनासारखी भेटली तं जातो," ते म्हणाले. "नाई तं यंदा जात नाई."

मी म्हटलं, काकाजी, तुमचा फोन यात्रा करून परत येईल आणि तरी त्याच्या बॅटरीच्या दोन कांड्या शिल्लक राहतील. शिवाय मुक्कामाला जेवण देणाऱ्या मंडळांकडे जनरेटर असतो.

"मंग जाऊ कायले?"

हे उत्तर माझ्या बोलण्याला कुठेच जुळत नव्हतं. पण वयस्कर माणसाशी मी वाद घालत नाही.

सीताबर्डीतल्या दुकानात गेलो. मी त्यांना समजावलं की डब्यावरचा आकडा आतल्या सेलचा असतो. फोनपर्यंत पोचताना त्यातला बराच भाग वाटेतच जिरतो. ते त्यांना लगेच पटलं. "म्हणजे रिझर्वेशन फुल्ल अन् गाडी अर्धी खाली." मग त्यांनी एक पावर बँक दुपट्ट्यात गुंडाळून कमरेला बांधली आणि चढाला कशी वाटते ते पाहायला दुकानाबाहेरच्या जिन्याने वर निघाले. दुकानदाराला वाटलं, माल घेऊन पळाले. तो मागे धावला, त्याच्यामागे मी. गच्चीच्या दाराशी काकाजी दम खात उभे होते. म्हणाले, जड नाही, पण बरगडीला टोचते.

दुकानदाराने सोलरवाली दाखवली. काकाजी म्हणाले, "श्रावणात त्या डोंगरावर सूर्यच दिसत नाई. थो आपलं भरन का आमचं?"

शेवटी मीच निवड केली. हलकी, वीस हजार एमएएचची, पाण्याच्या शिंतोड्यांना न घाबरणारी, आणि मुख्य म्हणजे फास्ट चार्जिंगवाली. दुकानदार कौतुकाने म्हणाला, "अंकल, आधे घंटे में फोन टनाटन."

"इत्ती घाई कायको?" काकाजी पुटपुटले. पण घेतली.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच जाऊन ती बदलून आले. बदल्यात आणली ती विटेएवढी, जुन्या पद्धतीची, फोन भरायला दुपार घालवणारी. वर साऱ्या जातींच्या पिनांच्या वायरींचा एक जुडगा. दुकानदार नंतर मला भेटला तेव्हा म्हणाला, स्लो आहे म्हणून तक्रार घेऊन रोजच कोणी ना कोणी येतं, फास्ट आहे म्हणून आलेला हा पहिलाच. मला अपमान वाटला. नाही म्हटलं तरी पदवीचा थोडा.

यंदा काकाजींबरोबर मीही यात्रेला गेलो. आईचा नवस होता आणि तिचे गुडघे चढ मानत नाहीत, म्हणून तिच्या जागी मी.

पहिल्या दिवशी दुपारी मुक्कामाच्या ताडपत्रीखाली पोचलो. काकाजी जेवायलाही गेले नाहीत. कडेच्या एका दगडावर प्लॅस्टिक अंथरून बसले, वीट मांडली, वायरी पसरल्या आणि माईकच्या आवाजात म्हणाले, "ज्यांचे फोन मेले असतील त्यांनी इकडं यावं."

लोक आले. मंडळाच्या जनरेटरवरच्या चार्जिंगच्या बोर्डापाशी तशीही झोंबाझोंबी चालली होती. पण अनोळखी माणसाजवळ फोन टाकून कोण जातं? ज्याने वायर लावली तो तिथेच टेकला. वीट हळूहळू काम करत होती आणि काकाजी एकेकाला विचारत होते, गाव कोणतं, संत्र्याला बहार कसा आहे, पोरगी कुठे दिली. सावनेरकडच्या एका बाईंनी गाव सांगितलं, तर यांनी तिथल्या पाराजवळचा थांबा सांगितला. "तुमच्या गावाले मी जनमभर आवाज देल्ला, बाई. पाहिलं नाई कधी." बाईंनी चिवड्याची पुडी सोडून त्यांच्यापुढे धरली. एकाचा फोन सुरू झाला, तर त्याने आधी नातवाचा फोटो शोधून दाखवला. काकाजींनी तो फोन दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ परत दिला नाही.

फोन भरला की माणूस उठायचा, राम राम करून चालायला लागायचा. काकाजी वायर पुसून दुसऱ्याची वाट बघायचे.

ऊन नव्हतंच, पण उजेड उतरायला लागला तशी गर्दी पांगली. शेवटी एकच फोन लागलेला होता, तो माझा. सोबतचे लोक पुढच्या टप्प्याला निघायची घाई करत होते.

"तुह्या फोनाले अजून टाइम हाये," काकाजी वर न बघता म्हणाले.

मी बघितलं. फोन पूर्ण भरला होता. एवढं वाचायला बीएस्सी लागत नाही.

मी फोन पालथा ठेवला. सोबतच्यांना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, आम्ही येतो. काकाजींनी दगडावर सरकून मला जागा केली. इतकी वर्षं मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतो.

"तुहे वडील काय करत होते गा?" त्यांनी विचारलं.

"कोळशाच्या खाणीत होते," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.