साहेबासमोर ओरडायचं नाही

अख्ख्या अंबरनाथात साहेबावर उघड ओरडणारा माणूस एकच. आमच्या तळमजल्यावरचे पेडणेकरकाका. साहेब हा त्यांचा कुत्रा. कारखान्यात तीस वर्षं साहेबलोकांपुढे मान खाली घातल्यावर, निवृत्त झाल्या आठवड्यातच काकांनी पिल्लू आणलं आणि हे नाव ठेवलं. "साहेब, चप्पल कोणी खाल्ली? उत्तर द्या!" ही गर्जना रिक्षा स्टँडपर्यंत जाते. आणि कोणी उलट बोललंच, तर काकांचं एकच उत्तर: "लेखी द्या!"

गेल्या वर्षी तेरा वर्षांचा साहेब बादलीभर पाणी पिऊन जिन्यात मुतायला लागला. पोट माठासारखं सुटलं, पाठीवरचे केस गेले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, जरा कमी खायला घाला त्याला."

"लेखी द्या!"

नेहमीच्या डॉक्टरांनी हातही न लावता सांगितलं, "वय झालं." काका भडकलेच. "वय माझंही झालंय! मी मुततो का जिन्यात?"

शेवटी मी दोघांना शेजारगावच्या कॅम्प चार वस्तीतल्या, जनावरांच्या सिंधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं, कातडी चिमटीत धरून पाहिली. "काका, ये खाने से नहीं हुआ. कुशिंगचा आजार वाटतो मला. टेन्शनमध्ये बॉडी जे हार्मोन बनवते ना, ते याचं थांबतच नाही. आठ तासांत तीनदा रक्त घेऊ. तोपर्यंत हा शांत पाहिजे. म्हणजे तुम्हीपण."

"लेखी द्या!"

बाईंनी खरंच चिठ्ठीवर लिहिलं: 'काकांनी ओरडू नये.'

आठ तास! मी तर तमाशा बघायलाच थांबलो. बाहेर हॉर्न, शेजारी जीन्स शिवणाऱ्या मशिनांचा खडखडाट. मांजर घेऊन आलेली एक बाई म्हणाली, "हाय, कितना मोटा!" काका लालबुंद झाले, पण ओठ मिटलेलेच. मी हळूच काडी टाकली, "सेक्रेटरी म्हणतात, तुम्हीच लाडावून ठेवलंय..." त्यांनी माझ्या मांडीला असा चिमटा काढला की ओरडायची पाळी माझ्यावर आली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कुशिंगच. "गोळ्या चालू करू, आराम पडेल," बाई म्हणाल्या. आता सेक्रेटरी आणि डॉक्टर दोघांचा उद्धार होणार म्हणून मी सरसावून बसलो.

काकांचा आवाज कसाबसा ऐकू आला. "बाई, टेन्शनचं हार्मोन म्हणालात. माझ्या ओरडण्यानं झालं का हो हे?"

"अरे नाही काका! मेंदूखाली बारीकशी गाठ असते, त्यामुळे होतं."

काका साहेबाच्या उघड्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "नाही, घरात दुसरं कोणी नाही ना बोलायला. म्हणून विचारलं."