कार्बनची ओढाताण

रेणू ध्रुवीय आहे की अध्रुवीय, हे सरफराज कुणालाही चहा निवायच्या आत समजावून देऊ शकत असे! खडू हाती आला की त्याचा आवाज क्लासच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायचा. खडू नसला की मात्र तो स्वतःचं नाव सांगतानाही अडखळायचा. म्हणूनच अदिबाला पाहायला सातपूरला आलेला सरफराज, कुणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा, तिच्या वडिलांच्या, म्हणजे सलीमभाईंच्या, बैठकीत कोपऱ्याला टेकून होता.

अदिबा त्याला पाहताक्षणीच आवडली होती. ते सांगायला शब्द हवे होते आणि शब्द सारे जुन्या नाशकातच राहिले होते! त्यात आई नूरबानोंनी रिक्षात बजावलं होतं, "सलीमभाईंना मुलगा नाही. घरजावई हवा म्हणाले, तर उठायचं. चहासुद्धा प्यायचा नाही!"

इतक्यात अदिबाच बोलली. "सर, रेणू ध्रुवीय आहे का, ते ओळखायचं कसं?"

सरफराज ताडकन उठला. "एकदम सोपं! आधी बघायचं, कोणता अणू इलेक्ट्रॉन किती जोराने ओढतो. मग बघायचा रेणूचा आकार. पाण्याचा रेणू वाकडा, त्यामुळे सगळी ओढ एकाच अंगाला जाते. तो ध्रुवीय. पण रेणू सरळ असेल आणि समोरासमोर सारखीच ओढ असेल, तर फिटंफाट! तो अध्रुवीय. थांबा, करूनच दाखवतो!"

जेवायला अंथरण्यासाठी घडी घालून ठेवलेला लांबलचक दस्तरखान त्याने उचलला आणि मध्यावर स्वतःच्या कमरेला करकचून बांधला. "मी कार्बन. चाचा, तुम्ही या टोकाचे ऑक्सिजन. अम्मी, तू त्या टोकाची. झाला कार्बन डायऑक्साइड! ओढा! कार्बन तसूभरही हलणार नाही!"

नूरबानोंनी पाळण्याची दोरी ओढावी तसं हळुवार ओढलं. सलीमभाईंचं आयुष्य वर्कशॉपात लोखंडी सळया ओढण्यात गेलेलं. त्यांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि एकच हिसका दिला!

कार्बन सतरंजीवरून घसरत निघाला, वाटेत त्याने शरबताचा जग लवंडवला आणि स्वतः थेट सलीमभाईंच्या मांडीवर जाऊन पडला.

"वा! आला की आमच्याकडे!" सलीमभाई कौतुकाने म्हणाले.

"तुमच्याकडे?" नूरबानो कडाडल्या. "वाटलंच होतं मला! अजून चहा आला नाही, तोच मुलगा ओढून घेतला!"

"अहो बहनजी, तो कार्बन आहे!"

"तो माझा एकुलता एक आहे!"

आता नूरबानोंनी सारं बळ लावलं. सलीमभाईही इरेला पेटले. खिडकीतून शेजारच्या सुवर्णाताई ओरडल्या, "अगं बाई! पळून जाईल म्हणून मुलाला बांधून ठेवलंय की काय?"

"सरफराज, सोड ती गाठ! घरी चल!"

गाठ सुटेना. पाण्यात साखर विरघळावी तसा रिश्ता डोळ्यांदेखत विरघळत होता आणि सरफराज नखांनी गाठ उकरत होता.

"थांबा!" अदिबा मधे आली. "हा कार्बन डायऑक्साइड नाहीच. टोकाचे अणू सारखे कुठे आहेत? अब्बू ऑक्सिजन, पण या बाजूला गंधक. त्याची ओढ कमी. मग रेणू सरळ असला, तरी ध्रुवीयच!"

"मी गंधक?" नूरबानोंनी डोळे वटारले.

अदिबाने जीभ चावली.

"तुला येत होतं, तर विचारलंस कशाला गं?" सलीमभाई चक्रावले.

"हे बोलतात का, ते बघायचं होतं." सरफराजचे कान डाळिंबासारखे लाल झाले. अदिबाने नूरबानोंच्या हातातलं टोक त्यांच्यासोबत धरलं. "अम्मी, मी तर याच बाजूला येणार आहे. मग इकडची ओढ कमी कशी पडेल?"

'अम्मी' ऐकून नूरबानोंच्या कपाळावरची आठी विरली. तरी त्यांनी विचारलंच, "आणि घरजावई?"

"कसला घरजावई!" सलीमभाई हबकले. "दोन खोल्यांत हिची पुस्तकं मावत नाहीत, त्यात जावई कुठे ठेवू?"

"मग हे आधी सांगायचं ना, भाईसाब!"

सरफराजच्या छातीवरून जणू अख्खं लेथ मशीन उतरलं. "चला, पुन्हा ओढा!" तो उल्हासाने म्हणाला. "आता नक्की अध्रुवीय!"

सलीमभाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांच्या हातून टोक निसटलं आणि कार्बन सासू-सुनेच्या पायाशी सपशेल आडवा झाला.

प्रयोग पुन्हा फसला! पण या वेळी उठायची घाई कार्बनलाच नव्हती.