काळीच्या पाठीवरची निळी फुली

जनावरांच्या औषधातलं मला सगळं कळतं! कॉलेज नाही, सर्टिफिकेट नाही, नुसते मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. त्यामुळे आमची काळी गाय लंगडायला लागली तेव्हा मी तिचा खूर उचलला, बेचक्यातली सूज बघितली आणि थेट औषधांचं दुकान गाठलं.

"डॉक्टरांची चिठ्ठी?" दुकानदारानं विचारलं.

"त्यांनीच पाठवलंय!" मी ठोकून दिलं.

संध्याकाळी इंजेक्शन टोचलं. काळीनं लाथ झाडली, बादली उडाली, पण सुई आत! औषध दिलेल्या गाईचं दूध काही दिवस प्यायचं नसतं, हेही मला पाठ. म्हणून तिच्या पाठीवर निळ्या स्प्रेनं भलीमोठी फुली मारली. मोठमोठ्या गोठ्यांत मारतात तशी! आणि राजासारखा झोपलो.

सकाळी स्वयंपाकघरात आलो तर बाबा रिकामा ग्लास खाली ठेवून मिशा पुसत होते.

"आई, हे दूध कुणाचं?"

"काळीचं. आपल्याकडे काय हत्तीण आहे?"

"अगं, तिच्या पाठीवर फुली होती ना!"

"होती की! चांगली गाय चितारून ठेवलीस, कार्ट्या! घासून घासून काढली मी."

फुली म्हणजे काय, हे मी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं!

मी बाबांचे ओठ निरखून बघायला लागलो. कारण इंजेक्शन पेनिसिलिनचं होतं, आणि बाबांना पेनिसिलिन अजिबात चालत नाही. मागे दाढ दुखली म्हणून एक गोळी घेतली, तर ओठ भोपळ्यासारखे सुजले, श्वास अडकला, ऑक्सिजन लावायची वेळ आली. "पुन्हा असं झालं तर काही सांगता येणार नाही," असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन बजावलं होतं.

आणि आता मीच त्यांना ते गाईमार्फत पाजलं होतं!

"बाबा, खाज सुटलीय का?"

"नाही."

"ओठ जड वाटतायत? घसा आवळतोय?"

"नाही रे! तुला झालंय काय?"

"मानेला तरी खाज?"

बाबांनी मान खाजवली. शेवटी बोलून टाकलं, "बाबा, मी काळीला पेनिसिलिन टोचलंय."

आईच्या हातातला झारा खाली पडला. "पण दूध उकळलं होतं मी!"

"ते उकळून जात नाही, आई!"

बाबा हळूच खुर्चीत बसले. मला एक शिवीसुद्धा दिली नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

मोबाइलमध्ये 'डॉक्टर' शोधलं, बटण दाबलं, "बाबांना वाचवा!" असा टाहो फोडला. जरा वेळानं दारात गमबूट घातलेले डॉक्टर हजर! शेजारच्या गोठ्यातून धावत आलेले.

"माझ्यासाठी गुरांचा डॉक्टर?" बाबा कसेबसे म्हणाले.

"काका, तोंड उघडा," डॉक्टरांनी ओठ पाहिले, श्वास ऐकला. "अजून तरी ठीक आहे. पण थांबू नका, दवाखान्यात निघा. आणि तू रे, काय टोचलंस ते घेऊन ये. तिथं विचारतील."

मी गोठ्यातून बाटली आणली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि हलवली. आत पांढरी पूड खुळखुळली.

"सील तर तसंच आहे. मग टोचलंस काय?"

"सोबतच्या छोट्या बाटलीतलं औषध."

"आणि ही पूड?"

"ही... खुरावर लावायला असेल असं वाटलं."

"अरे शहाण्या, त्या छोट्या बाटलीत पाणी असतं! पूड कालवायला! तू गाईला नुसतं पाणी टोचलंस!"

आई रडता रडता हसायला लागली. मी बाबांच्या पायाशी मटकन बसलो.

"मग ही खाज?" बाबा अजून मान खाजवत होते.

"सकाळपासून कुणी इतकं विचारलं तर मलासुद्धा सुटेल!" डॉक्टर म्हणाले, आणि गाईला तपासायला गोठ्याकडे निघाले.

आता गोठ्यात मी फक्त शेपटी धरतो. तीही डॉक्टर सांगतील तेव्हाच.