उभ्या उतारावरची मानाची वरात

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी तिथं होतो. म्हणजे मी नव्हतो, पण ज्यानं मला सांगितली तो होता. तोही नव्हता म्हणा. पण गोष्ट खरी आहे.

एका जंगलात बारमाही बर्फ पडे, आणि बारमाही लग्नं होत. तिथं यमूबाई शेळी राही. तिच्या मुलाचं, केरबाचं, लग्न ठरलं. नवरी डोंगरापलीकडची, आणि मध्ये एक उभा उतार.

वरात उताराशी येऊन थांबली. यमूबाईनं खुरानं बर्फ उकरला. वर घट्ट पापुद्रा, खाली साखरेसारखा भुसा. केरबाचा बाप अशाच बर्फाखाली गेला होता.

"एकेकानं जायचं," ती म्हणाली. "एक पलीकडे पोचला की मग दुसरा."

"पहिला कोण?" केरबाचे मामा, सर्जेराव बोकड, यांनी विचारलं.

"जो हलका असेल तो. ससा."

"सख्ख्या मामाच्या पुढं ससा? अक्का, मी इथूनच परत जातो."

"मग तू जा पुढं, दादा."

"आणि मी काय शेपटाला?" अस्वल गुरगुरलं. "मुलीकडचा पाहुणा आहे मी."

दुपार झाली. ऊन चढलं, बर्फ मऊ झाला. शेवटी पंचांनी तोडगा काढला. सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एका ओळीत जायचं. कोणी पुढं नाही, कोणी मागं नाही.

यमूबाईनं हात टेकले. मग तिनं लाल दोऱ्याचं बंडल काढलं आणि प्रत्येकाच्या शेपटीला वीस-वीस हात दोरा बांधला.

"हे काय?"

"मानाचा गोफ. आमच्याकडे पद्धत आहे."

"माझा सगळ्यांत लांब हवा," मामा म्हणाले.

"आणि वरमाई मागं खडकाआड थांबते. तीही पद्धत आहे."

वरात उताराच्या मध्यावर पोचली. ढोल वाजला. वरचा बर्फ चादरीसारखा सुटला आणि ढोलासकट सगळे दिसेनासे झाले.

शांत झाल्यावर यमूबाई धावली. बर्फावर लाल टोकं दिसत होती. केरबाचं टोक दूर होतं, सशाचं पायाशी. बर्फाखाली श्वास फार पुरत नाही. तिनं डोळे मिटले आणि पायाशी उकरायला लागली. जो निघेल तो बाहेर काढणाऱ्यांत सामील. मग अस्वल, कोल्हा, आणि शेवटून दुसरा केरबा. निळा पडलेला, पण श्वास चालू होता. यमूबाई त्याला चाटत राहिली.

सर्वांत शेवटी मामा निघाले. मिशांतला बर्फ झटकून म्हणाले, "आधी कोणाला काढलं?"

"सशाला."

"ठीक आहे," मामा म्हणाले, आणि न जेवता घरी गेले.

तात्पर्य: बर्फातून जाताना प्रत्येकाच्या शेपटीला लांब दोरा बांधावा, आणि दोऱ्यावर मानाचा क्रमांक लिहावा. नुसता जीव वाचवून नातं टिकत नाही.

आता कबूल करतो. यातला बर्फ मी बनवला, शेळी, ससा, अस्वलही मीच. मामा खरे आहेत. अजून बोलत नाहीत.