लाकडाचा रंधा

“उतार ना? तो मी करते. त्यात काय मोठंसं,” असं सुनेने जाहीर केलं, आणि तिच्या कडेवरच्या सहा महिन्यांच्या बाळाने नेमका तेव्हाच ढेकर दिला. घरातली ही एकमेव प्रतिक्रिया तिने होकारात धरली.

उतार करणं भागच होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई पुढच्या रविवारी चाकांच्या खुर्चीतून घरी यायच्या होत्या, आणि दाराशी तीन पायऱ्या होत्या. “मला कपाटासारखं उचलून आत नेणार असाल, तर मी सरळ लेकीकडे जाते,” असं त्यांनी दवाखान्यातून फोनवर बजावलं होतं. सासूबाई लेकीकडे गेल्या म्हणजे संपलंच. बाळ गप बसायचं ते फक्त त्यांच्या मांडीवर. त्या दवाखान्यात गेल्यापासून सुनेची अंघोळ दोन तांब्यांवर आली होती. परवा तर सकाळी डोक्याला लावलेला साबण संध्याकाळी निघाला.

गवंडीकाम करणाऱ्या मिस्त्रींना पंधरा दिवस सवड नव्हती. पण समोरच्या अंगणात त्यांनी कोबा केला, तेव्हा बाळाला पाजता पाजता तिने खिडकीतून सगळं पाहून ठेवलं होतं. काँक्रीट कालवायचं, ओतायचं, पट्टीने सारखं करायचं आणि थापीने घोटून काढायचं. झालं! सासूबाईंना काही सांगायचं नाही, आल्या की बघतीलच, असंही ठरलं.

तिचा नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सासूबाई यायच्या आदल्या रविवारी सकाळी त्याने मंद उतार आणि तीव्र उतार यांतला फरक समजावून सांगितला, आणि मग बिचाऱ्याने मुकाट्याने घमेली उचलली. दुपारपर्यंत पायऱ्या काँक्रीटखाली गेल्या. सुनेने नवीकोरी चकचकीत थापी काढून पहिला हात फिरवला. वर पाणी आलं. दुसरा फिरवला, आणखी पाणी आलं. ती घोटत राहिली आणि उतार घाम फुटल्यासारखा पाझरत राहिला. शेवटी तिने मिस्त्रींना फोन लावला.

“ताई, ती थापी खाली ठेवा बघू,” मिस्त्री म्हणाले. “एवढ्यात घोटायचं नसतं. पाणी जिरू द्या. मग आधी लाकडाचा रंधा फिरवा. थापी अगदी शेवटी.”

तेवढ्यात आत बाळाने भोंगा सुरू केला. “अरे, लाकडाचा रंधा आण कुठून तरी,” एवढं सांगून ती आत पळाली.

आता गवंड्याचा रंधा म्हणजे मूठ लावलेली साधी सपाट फळी. आणि सुताराचा रंधा म्हणजे पोटात धारदार पातं असलेलं, लाकूड तासायचं हत्यार. भूगोलाच्या पुस्तकात दोन्ही नसतात. नवरा तडक शेजारच्या सुतारकाकांकडे गेला.

“काका, लाकडाचा रंधा आहे?”

“आहे की. वडिलांच्या हातचा आहे. काय काम काढलंत?”

“दारापाशी उतार करायचाय.”

“किती?”

“चांगला मोठा.”

“मग पातं जरा बाहेर काढून देतो. भरभर निघेल.”

बाळ झोपल्यावर सून बाहेर आली. नवरा गुडघ्यांवर बसून घामाघूम झाला होता आणि उतारावर या कडेपासून त्या कडेपर्यंत दऱ्याखोऱ्या पडल्या होत्या.

“हे काय केलंस?”

“काका म्हणाले भरभर निघेल. निघतंय गं, पण मध्येच तुंबतं.”

आपला रंधा काय करतोय ते बघायला सुतारकाका आले आणि फाटकातच थांबले. “अहो, मला वाटलं दार तासताय,” एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी रंधा नळाखाली धरला आणि तान्ह्या पोराचं नाक पुसावं तसा एका बोटाने पुसू लागले. नवरा शेजारी टॉवेल घेऊन उभा राहिला.

सुनेने रडवेल्या आवाजात पुन्हा फोन लावला. सगळं ऐकून मिस्त्री बराच वेळ खोकले. ते हसणं आहे हे तिला कळलं.

“काँक्रीटमध्ये बोट रुततंय का?”

“नाही.”

“ओरखडे उभे की आडवे?”

“आडवे.”

“मग आता हातही लावू नका. उतार खरखरीतच पाहिजे. थापीने आरसा केला असतात, तर आजीबाई आत यायच्या सोडून थेट रस्त्यावर गेल्या असत्या. आठवडाभर पाणी मारा फक्त.”

तिने मारलं. एका काखेत बाळ, एका हातात झारी, दिवसातून चार वेळा. अंघोळ उताराचीच काय ती नीट होत होती.

रविवारी गाडी दाराशी थांबली. सासूबाई उतरल्या त्या वॉकर धरून, स्वतःच्या पायांवर. खुर्ची कुठे दिसेना. सून बाळाला कडेवर घेऊन बघत राहिली. एक पाऊल, दुसरं पाऊल. कुठे घसरलं नाही की अडलं नाही. सासूबाई वर आल्या, उंबऱ्यात वळल्या आणि खाली पाहत राहिल्या.

“छान झालाय गं,” त्या म्हणाल्या. “पण आपल्या पायऱ्या कुठे गेल्या?”

“उताराखाली,” नवरा अभिमानाने म्हणाला. “का गं आई?”

“डॉक्टरांनी खुर्ची काढून घेतली ना. आता रोज दहा वेळा पायऱ्या चढ-उतर करायला सांगितलंय. मी म्हटलं, काळजी नको, घरी तीन आहेत. त्याच नसतील तर लेकीकडे जावं लागेल की काय?”

नवऱ्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने सासूबाईंना आत नेऊन सोफ्यावर बसवलं आणि बाळ अलगद त्यांच्या मांडीवर ठेवलं.

“आई, याला घ्या आधी. मी अंघोळ करून येते, मग बोलू.”