चुंबकाला चिकटलेलं सोनं

सोन्याच्या बाबतीत द्रौपदीबाईंना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निजामपुऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत सून आली की पाया पडायच्या आधी तिचं मंगळसूत्र बाईंच्या चुंबकासमोर धरलं जाई. चुंबक जुन्या स्पीकरमधला, नवऱ्याने, कापडाचे लूम दुरुस्त करणाऱ्या तुळशीरामने, काढून दिलेला. आणि नियम एकच: खरं सोनं चुंबकाकडे ढुंकून बघत नाही.

म्हणून लेक नेत्रा एम.एस्सी.च्या प्रकल्पाची, काळ्या कागदात गुंडाळलेली बाटली घरी घेऊन आली, तेव्हा बाईंचे कान टवकारले. कॉलेजचा फ्रीज बंद पडला होता आणि सकाळी अकराला परीक्षक यायचे होते.

"आई, हात लावू नकोस. यात सोन्याचे कण आहेत, डोळ्यांना न दिसणारे. यातून उजेड सोडायचा आणि चुंबकाने तो कमी-जास्त करायचा. उद्या हे दिसलं तर पास, नाहीतर अख्खं वर्ष गेलं."

"चुंबकाने? सोनं?" बाई म्हणाल्या. पण नेत्रा झोपायला गेली होती.

पहाटे आंघोळ करून बाई जपाला बसल्या. नऊ वाजेपर्यंत त्यांचं रोजचं मौन. उजव्या हातात माळ होती, डावा हात रिकामा होता, आणि समोरच्या फ्रीजमध्ये बाटली होती. ती काढून कागद सोडला, चुंबक नुसता टेकवला, तर आतला लाल रंग लग्नाच्या पंगतीसारखा तिकडे धावला.

बाईंनी ओळखलं. पोरीला कुणीतरी लोखंडाचा भुगा सोनं म्हणून विकला होता. परीक्षकासमोर तिची अब्रू जाणार. मग त्यांनी दोन माळा होईपर्यंत चुंबक धरून ठेवला, वरचं फिकट गुलाबी पाणी दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतलं, नावाची चिठ्ठी काढून तिच्यावर डकवली, काळा कागदही तिलाच गुंडाळला. तळाचा गाळ फेकवेना. लक्ष्मीच्या नावाने घरात आला होता, म्हणून तो तुळशीपाशी ठेवला.

साडेआठला निघताना नेत्रा पाया पडली, तेव्हा मौन चालूच होतं. बाईंनी चिमटीने हवेतून काहीतरी उपटलं, मूठ झटकली आणि तळहात दाखवला. म्हणजे, लोखंड काढलं, निर्धास्त जा. नेत्राला वाटलं, आईने दृष्ट काढली.

साडेदहाला फोन आला.

"आई, बाटलीत पाणी आहे."

"शुद्ध आहे आता. भेसळ मी काढली."



"आई, ते लोखंडच हवं होतं. प्रत्येक कणाच्या आत लोखंड, वरून सोनं. तेच तर मी वर्षभर बनवत होते."

"मग तसं सांगायचं नाही का गं?"

तुळशीराम चहा पीत होता. "गाळ हाय ना अजून? मग चल."

रिक्षात बाईंनी गाळाची बाटली पदरात धरली, चुंबक मात्र पार दुसऱ्या टोकाला नवऱ्याच्या खिशात. मध्ये ट्रक आडवा झाला तेव्हा तुळशीराम म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा खोटं सोनं वाचवायला निघालीस."

"जरा गप्प बसता का?"

प्रयोगशाळेत परीक्षक चष्मा पुसत उभे होते. नेत्राने गाळात नवं शुद्ध पाणी घातलं आणि हलवलं. रंग परत चढला. दिवा लावला, भिंतीवर लाल ठिपका पडला. चुंबक जवळ नेताच ठिपका मंदावला, दूर नेताच उजळला. बाईंनी हात जोडले.

परीक्षक मात्र अहवाल चाळत राहिले. "तुम्ही लिहिलाय त्याच्या दुप्पट फरक दिसतोय. हे कण असे निवडून धुतले कोणी?"

नेत्राने आईकडे पाहिलं. आईने जमिनीकडे.

"चुकलं साहेब. ते गुलाबी पाणी मी वेगळं काढलं."

साहेबांनी ती बाटली उजेडात धरली. "अहो, यात सुटं सोनं आहे. लोखंड नसलेलं, अगदी शुद्ध. तेच मध्ये लुडबुडत होतं."

"म्हणजे खरं सोनं चुंबकाकडे गेलं नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"चुंबक किती वेळ धरलात?"

"दोन माळा."

"मिनिटांत सांगा."

"ते मन लागण्यावर आहे साहेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एकदा झालं तो योगायोग. हे पाणी परत मिसळा आणि माझ्यासमोर पुन्हा करा, मग मार्क."

बाई स्टुलावर मांडी घालून बसल्या. नेत्राने घड्याळ लावलं. पहिली माळ साडेपाच मिनिटांत झाली, दुसरीला नऊ लागली.

"हा फरक कशाने?" साहेबांनी विचारलं.

"मध्ये तुम्ही तीनदा 'झालं का' विचारलंत."

अहवालात त्या दिवशी एक ओळ वाढली: ही कृती चालू असताना परीक्षकांनी बोलू नये.