दर्शनाची दातखीळ

चाळिशीत दातांना तारा लावून घेणारी वर्तकनगरातली पहिली बाई आपणच, असं दर्शना तोऱ्यात सांगायची. तिचे खालचे दात वरच्यांच्या पुढे यायचे. शेवग्याची शेंगसुद्धा बिचारीला दाढेने तोडावी लागे!

डोंबिवलीच्या डॉक्टर कृतिकांनी आज तारांना अडकवायची दोन रबरं दिली. “याने वरचा-खालचा चावा जुळेल. फक्त जेवताना काढायची. कशी लावायची, नीट बघा हं.”

“त्यात बघायचं काय? शाळेच्या ऑफिसात मी दिवसाला शंभर फायलींना रबर लावते!”

घरी येऊन तिने रबरं लावली आणि दातखीळच बसली! तोंडातून शब्द फुटेना, नुसतं “म्मं.”

तेवढ्यात विठ्ठलवाडीहून सासूबाई आल्या.

“बरी आहेस ना गं?” जाईबाईंनी विचारलं.

“म्मं.”

“रागावलीस?”

“म्मं!”

जाईबाई मटकन खाली बसल्या. “पैठणीचं कळलं वाटतं तुला! अगं, शेजारच्या हळदीला नेसलेले मी. डाग पडला. पण जाईल तो!”

‘रबर लावलंय’ असं लिहायला दर्शनाने कागद-पेन घेतलेलं. ‘र’वरच हात थांबला. माझी पैठणी?

इतक्यात नवरा कामावरून आला. “सम्या, काय केलंस रे हिला? बोलेना ती!” जाईबाई त्याच्यावर घसरल्या.

सम्यकने पाहिलं. तोंड घट्ट मिटून, डोळे वटारून, पेन सरसावून बायको बसलेली, जबाब नोंदवणाऱ्या हवालदारासारखी! त्याला घामच फुटला.

“सांगतो, सांगतो! तुझ्या भावाच्या साखरपुड्याला माझी दाढ दुखत नव्हती. मॅच खेळायला गेलेलो!”

त्या दाढेपायी दर्शनाने त्याला दोन दिवस मऊ खिमट भरवलेलं!

“काऽऽय?” ती किंचाळली. टण्! एक रबर सुटून सम्यकच्या नाकावर, दुसरं जाईबाईंच्या अंबाड्यात!

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात. डॉक्टरांना हसू आवरेना. “अहो, वरचे नि खालचे पुढचे दात सरळ एकमेकांना बांधलेत! एक टोक वरच्या दाढेला, दुसरं खालच्या सुळ्याला, असं तिरकं लावायचं. मग मस्त बोलता येतं.”

दर्शना ओशाळली. ती खुर्चीतून उठते न उठते, तोच जाईबाई तिथे जाऊन बसल्या.

“डॉक्टर, माझ्या कवळीला बसतात का हो ही रबरं? आमच्या ह्यांनी पंचेचाळीस वर्षांत एक गोष्ट धड कबूल केली नाही. आणि मला लावाल ती हिच्यासारखी, चुकीचीच लावा!”